अठराशेचा पाईप की अठ्ठावीस हजारांचा?

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. रोज कोरेगाव ते सातारा जाणेयेणे असते आणि महिन्यातून एक-दोनदा मेढा, केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणे होते. घाटात गाडी ओढत नाही, म्हणून बाहेरचे एअर इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाईप आणि फिल्टर, बसवावे असा विचार आहे. पुण्यातील एका दुकानदाराने ॲल्युमिनियमचा पाईप आणि लाल कोन फिल्टर असा संच १,८०० रुपयांना सांगितला. परदेशी कंपनीचा संच २८,००० रुपयांना पडतो. आमचे मेस्त्री म्हणतात की, दोन्हींत फरक फक्त नावाचा आहे. कोणता घ्यावा? ॲव्हरेजही वाढेल का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : मेस्त्रींचे म्हणणे मला मान्य नाही. दोन्हींत फरक पुष्कळ आहे. मात्र आपण ज्या कारणासाठी पैसे घालणार आहात, त्या बाबतीत तो फरक जवळपास नाही. घाटातल्या ओढीसाठी यांपैकी कोणताही संच आपल्या गाडीला फारसा उपयोगी पडणार नाही, आणि अठराशेचा तर नुकसानच करील, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसते ‘घेऊ नका’ म्हटल्याने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून कारणे सविस्तर देतो.

एक किलो पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या हिशेबात मांडायचे तर एक लिटर पेट्रोलामागे अंदाजे ९,००० लिटर हवा. आपण साताऱ्याहून पुण्याला जाऊन परत आलात आणि बारा लिटर पेट्रोल लागले, तर त्या एका फेरीत इंजिनाने लाखभर लिटर हवा आत ओढलेली असते. ती हवा कधी खडीच्या डंपरमागची असते, कधी ऊसतोड चालू असलेल्या शेताकडेची, कधी रुंदीकरण चाललेल्या रस्त्यावरची. तिच्यातल्या धुळीत सिलिका, म्हणजे वाळूचा कण असतो, आणि तो पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. म्हणून धूळ अडवणे हे एअर फिल्टरचे पहिले काम आणि हवा मोकळी सोडणे हे दुसरे. दुकानात हा क्रम उलटा करून सांगितला जातो.

आता घाटाकडे वळू. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. एवढे वर चढताना हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ होते, आणि टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. हवाच विरळ झाली, तर फिल्टर कितीही मोकळा असला तरी ती घट भरून निघू शकत नाही. त्यातच गाडीत पाच माणसे, सामान आणि एसी चालू असेल, तर १.२ लिटरच्या इंजिनाने तिसऱ्या गिअरमध्ये केळघरची वळणे चढावीत ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. या इंजिनांची ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्या होत असताना, असते. वळणाआधीच दुसरा गिअर टाकून इंजिन ३,५०० ते ४,००० आरपीएमवर फिरते ठेवून पाहा. आवाज वाढला म्हणून अनेकजण घाबरून लवकर गिअर वर टाकतात आणि मग गाडी ओढत नाही म्हणतात.

कंपनीच्या फिल्टरच्या डबीमुळे इंजिन गुदमरते, हा समजही बरोबर नाही. फिल्टर स्वच्छ असेल तर मूळ डबीतून हवेला होणारा अडथळा फारच थोडा असतो. पेट्रोल गाडी सर्वसाधारण वेगाने चालवताना हवेला खरा अडथळा थ्रॉटलच्या झडपेचा असतो, आणि तो आपणच ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून निर्माण केलेला असतो. पुढे फिल्टर मोकळा केला तर झडप केसभर कमी उघडून तेवढीच हवा आत जाईल आणि इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक तेवढेच पेट्रोल सोडील. ॲव्हरेज वाढत नाही ते यामुळेच. मोकळ्या इनटेकचा लाभ दिसायचाच तर तो पूर्ण ॲक्सिलरेटरवर आणि वरच्या आरपीएमला दिसतो, तोही आपल्या इंजिनात दोन-तीन अश्वशक्तीपलीकडे जाईल असे मला वाटत नाही. मूळ पाईपावर आवाज दाबणारा एक पोकळ कप्पा, रेझोनेटर, असतो. तो काढून टाकला की इंजिन घोगऱ्या आवाजात हवा ओढू लागते आणि मनाला वाटते की गाडी जोरात निघाली. कान फसतो, एखाद्या मित्राला शेजारी बसवून, मोबाइलवर वेळ मोजून, मोकळ्या सरळ रस्त्यावर आणि वेगमर्यादेच्या आत २० ते ६० किलोमीटर वेग गाठायला आधी आणि नंतर किती सेकंद लागतात ते पाहिले तर हे सहज लक्षात येते.

अठराशेच्या संचात याहून मोठी अडचण उष्णतेची आहे. हवा दहा अंशांनी तापली की साधारण तीन टक्के विरळ होते. कंपनीच्या डबीचे तोंड बहुधा पुढच्या जाळीमागे, बाहेरची थंड हवा घेईल असे काढलेले असते. उघडा कोन फिल्टर मात्र बॉनेटखाली, रेडिएटर आणि इंजिन यांच्यामध्ये नागडा बसतो. गाडी ऐंशीच्या वेगात असेल तेव्हा बॉनेटखालून वारा खेळतो आणि फरक कमी होतो, हे मान्य. परंतु गळिताच्या हंगामात कोरेगाव रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना, किंवा मे महिन्यात घाटात रांगेत अडकल्यावर, त्या फिल्टरला बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी तापलेली हवा मिळते. म्हणजे जिथे आपल्याला ओढ हवी आहे नेमक्या तिथेच पाच-सात टक्के ताकद आपण स्वतःच्या पैशाने घालवतो.

दोन वर्षे असाच संच लावलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. तक्रार इनटेकची नव्हती. ऑइल कमी होते आणि सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो, एवढेच मालकाचे म्हणणे होते. मी पाईप सोडवला. फिल्टरच्या रबरी गळ्यावर क्लिप आवळलेली होती, पण पाईपाचे तोंड पूर्ण गोल नव्हते, आणि एका बाजूला बोटभर लांबीची तांबूस रेघ आतपर्यंत गेलेली दिसत होती. थ्रॉटलच्या झडपेमागे पांढरे फडके फिरवले तर ते विटकरी झाले, आणि तो मळ दोन बोटांत चोळला तेव्हा स्पष्ट करकर लागली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, तपासले तर चारपैकी दोन सिलिंडर उतरलेले होते. फिल्टर नवा घालून झिजलेल्या रिंगा परत येत नाहीत. त्या गृहस्थांना इंजिन उघडावे लागले आणि आलेला खर्च महागड्या संचाच्या किमतीहूनही जास्त होता. दुकानदाराने फसवले असे मी म्हणत नाही. पण फिल्टर विकणाऱ्याने तो हवाबंद बसतो की नाही, हे पाहून द्यायलाच हवे होते.

आता महाग संचात पैसे कशाचे जातात ते पाहू. चांगल्या संचात फिल्टरचे कापड सुती जाळीचे, अनेक पदरी आणि तेल लावलेले असते, किंवा कोरडे कृत्रिम असते, आणि आयएसओ ५०११ या मानकानुसार धूळ घालून त्याची चाचणी केलेली असते. या चाचणीत फिल्टरने शेकडा किती धूळ अडवली, किती धूळ साठवली आणि हवेला किती अडथळा केला, या तिन्ही गोष्टी मोजतात. चांगला साधा कागदी फिल्टर या चाचणीत ९९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवतो, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण तो काही शे रुपयांत मिळतो. अठराशेच्या संचाबरोबर असा चाचणीचा कागद मी आजवर पाहिलेला नाही.

दुसरा पैसा जातो पाईपाच्या मापात. अनेक गाड्यांत फिल्टरनंतरच्या पाईपात हवा मोजणारा सेन्सर असतो. त्यातील तापलेली बारीक तार जाणाऱ्या हवेने किती थंड होते, यावरून संगणक हवेचे वजन ओळखतो. हा हिशेब मूळ पाईपाच्या व्यासावर बांधलेला असतो. स्वस्त पाईप व्यासाने दहा टक्के मोठा असला तर त्याचे क्षेत्रफळ २१ टक्के वाढते, तारेजवळून हवा मंद वाहते, सेन्सरला हवा कमी वाटते आणि पेट्रोल कमी सोडले जाते. रोजच्या चालवण्यात एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ही चूक बरीचशी सावरून घेतो. न सावरल्यास डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो. पूर्ण ॲक्सिलरेटरवर मात्र बहुतेक गाड्यांत ती सावरासावर थांबते आणि कमी पेट्रोलावर, घाटात, भर ओझ्याखाली इंजिन खडखडू लागते. काही गाड्यांत तारेचा सेन्सर नसून मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीतला, दाब मोजणारा सेन्सर असतो. त्यांना पाईपाच्या व्यासाचा इतका त्रास होत नाही. आपल्या गाडीत कोणता आहे ते मेस्त्रींना विचारून घ्या.

तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. इंजिनाच्या आतील वाफ परत हवेच्या पाईपात सोडणारी एक बोटाएवढी नळी असते. चांगल्या संचात तिच्यासाठी नेमके तोंड ठेवलेले असते. स्वस्त संच बसवणारा ती नळी तशीच मोकळी सोडतो किंवा तिच्या तोंडाला लिंबाएवढा छोटा फिल्टर अडकवतो. मग तेलकट वाफ बॉनेटखाली पसरते, प्रदूषण होते, आणि नळी कोणी बंदच केली तर दाब साठून ऑइल सीलमधून गळायला लागते.

म्हणजे अठ्ठावीस हजारांचा संच ही लूट नाही. ज्याची गाडी टर्बोची आहे, जो नंतर संगणकाची नव्याने जुळणी करून घेणार आहे आणि ज्याला त्या आवाजाची आवड आहे, त्याने तो घेतला तर मी त्याला अडवणार नाही. मात्र त्याने बंद डबीचा संच घ्यावा, तो आपल्याच गाडीच्या मॉडेलचा आणि सालाचा आहे याची खात्री करावी, आणि जाहिरातीतला अश्वशक्तीचा आकडा बॉनेट उघडे ठेवून, समोर मोठा पंखा लावून मोजलेला असू शकतो हे विसरू नये.

आपल्याला काही बदलायचेच असेल, तर मूळ डबीतच बसणारा चांगल्या कंपनीचा सपाट फिल्टर घ्या. डबी, पाईप, सेन्सर, वाफेची नळी सगळे जागच्या जागी राहते आणि मन बदलले तर पाच मिनिटांत कागदी फिल्टर परत घालता येतो. पण त्याआधी आहे तो फिल्टर उघडून पाहा, प्लग किती किलोमीटर चाललेत ते पाहा, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, एखाद्या चाकाचे ब्रेक धरून राहत नाहीत ना ते तपासा आणि क्लच घसरतो का बघा. सात-आठ वर्षांच्या गाडीची घाटातली ओढ बहुतेक वेळा यांपैकीच कशात तरी हरवलेली असते.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि आवाजाची व धुराची मर्यादा ओलांडली तर वेगळी कारवाई होते. वॉरंटीत असलेल्या गाडीला असा संच लावला आणि त्यामुळे इंजिन बिघडले, तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवलेला बरा.

प्रश्न : माझी २ लिटर डिझेल टर्बो गाडी आहे. एका मित्राने त्याच्या गाडीला बंपरच्या मागे, अगदी खाली फिल्टर येईल असे ‘कोल्ड एअर’ इनटेक बसवले आहे. हवा थंड मिळते हे त्याचे म्हणणे पटते. संच महाग आहे, पण चांगल्या कंपनीचा आहे. मी बसवावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बसवू नये. हवा थंड मिळते हे खरेच आहे, आणि कोरड्या प्रदेशात ही रचना उत्तम ठरते. आपण सांगलीत राहता, आणि २०१९ व २०२१ साली कृष्णेचे पाणी कुठवर आले होते ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. महापूर सोडा, एखाद्या जोराच्या पावसात सखल रस्त्यावर गुडघाभर पाणी सहज साठते. बंपरमागचा फिल्टर त्या पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढते.

याचा हिशेब करून दाखवतो. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर ५०० घनसेंटिमीटरचा आहे. कॉम्प्रेशन १६ ला १ धरले, म्हणजे सोळा भाग हवा एका भागात दाबली जाते असे मानले, तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा सुमारे ३३ घनसेंटिमीटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंग चहाहूनही कमी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एवढ्या जागेपेक्षा जास्त पाणी आत आले की पिस्टन वर येऊ शकत नाही आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. संच किती किमतीचा आहे याला इथे काहीच अर्थ उरत नाही, कारण दोष वस्तूचा नसून जागेचा आहे.

आपल्या गाडीच्या मूळ इनटेकचे तोंड किती उंचीवर आहे, हे आजच बॉनेट उघडून टेपने मोजून ठेवा. बहुतेक गाड्यांत ते हेडलाइटच्या वरच्या कडेजवळ असते, आणि पावसाळ्यात रस्ता ठरवताना तो आकडा माहीत असणे फार मोलाचे आहे. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा आणि टोइंग करून न्या. बंद पडलेली गाडी अनेकदा वाचते. पुन्हा चालू करून पाहिलेली मात्र बहुधा वाचत नाही. साध्या विमा पॉलिसीत पाण्याने झालेले इंजिनाचे असे नुकसान बहुधा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नूतनीकरण करताना ती आहे का ते वाचून घ्या.

शिवाय आपली गाडी टर्बोची आहे. टर्बोचे पाते मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरते, आणि फिल्टरमधून निसटलेला कण आधी त्याच्यावर आदळतो. आत येणारी हवा टर्बो दाबून पुन्हा तापवतो आणि इंटरकूलर ती थंड करतो. त्यामुळे सुरुवातीला मिळालेल्या थोड्याशा थंडाव्याचे महत्त्व आपल्या गाडीत पेट्रोल गाडीहून कमीच आहे.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी धुऊन वापरता येणारा, तेल लावलेला सुती फिल्टर मूळ डबीत बसवला आहे. आमच्याकडे द्राक्षबागांचे कच्चे रस्ते आहेत. तो किती दिवसांनी धुवावा? पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली तर चालते का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : कॉम्प्रेसरची हवा मारू नये, कागदी फिल्टरलाही नाही. त्या जोराने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात, फिल्टर बाहेरून स्वच्छ दिसतो आणि धूळ आरपार जाते. कागदी फिल्टर मळला की बदलावा.

सुती फिल्टर किती दिवसांनी धुवावा याचा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. डांबरी रस्त्यापेक्षा आपल्याला तो बराच लवकर धुवावा लागेल. घड्यांच्या मधली जाळी दिसेनाशी झाली आणि धुळीचा थर तिच्या वर आला की वेळ झाली असे समजावे. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका, त्याने रबरी कड फुगते आणि डबीत नीट बसत नाही. त्याच कंपनीचे धुण्याचे द्रावण लावून दहा मिनिटे ठेवा, मग स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, नळाच्या हलक्या धारेने धुवा, म्हणजे धूळ आत न जाता बाहेर पडते. सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात त्याला रात्र पुरत नाही, म्हणून तेवढ्यापुरता जुना कागदी फिल्टर जपून ठेवा. फिल्टर ओला असताना तेल लावले तर ते धरत नाही.

तेल प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, एवढेच लावायचे. वीस मिनिटांनी रंग सगळीकडे सारखा पसरलेला दिसला पाहिजे; पांढरा डाग राहिला तर तिथे थेंबभर आणखी. ‘असू दे जरा जास्त’ म्हणून ओतलेले तेल हवेबरोबर उडून सेन्सरच्या तारेवर बसते, गाडी मंद चालीत अडखळते आणि दोष फिल्टरचा आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. तसे झाल्यास त्या सेन्सरसाठी मिळणारा खास स्प्रे मारावा, तारेला बोट किंवा फडके लावू नये.

फिल्टर आपले काम करतो की नाही हे घरीच पाहता येते. फिल्टरनंतरच्या पाईपात, सेन्सर असल्यास त्याच्या पुढे इंजिनाच्या बाजूला, आतल्या भिंतीवर ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवा. बागेच्या रस्त्याने तीन-चारशे किलोमीटर चालवल्यावर पाईप सोडवून ते ग्रीस दोन बोटांत चोळा. गुळगुळीत लागले तर निश्चिंत राहा. करकर लागली तर त्याच दिवशी कागदी फिल्टर घाला आणि सुती फिल्टरची रबरी कड उन्हात धरून नीट पाहा. चीर बहुधा कोपऱ्यात असते.